इंग्रजीच्या तासाला पोरं गप्प का बसतात?



मागच्या रांगांमध्ये दहावीची मुलं-मुली बसली आहेत. ती आपणहून आलेली नाहीत, त्यांना आणून बसवलंय, हे मला न सांगता कळतं. नोकरीभर मीही पोरांना असंच आणून बसवत आलो. बाळांनो, कंटाळा आला तर खुशाल जांभई द्या. पण कान इकडे ठेवा, कारण आज जे बोलणं होणार आहे ते तुमच्याविषयी आहे आणि नेहमीप्रमाणे तुम्हाला न विचारता होणार आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा माझ्यापेक्षा जास्त हक्क असलेली माणसं समोर बसली आहेत. गुरुजींना वंदन करून मी सरळ विषयाला हात घालतो. निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, ‘ग्रामीण विद्यार्थ्यांची इंग्रजीविषयीची अनास्था : कारणे व उपाय’. संयोजकांनी राग मानू नये. कारणं आणि उपाय नंतर बघू, मला ती अनास्थाच कबूल नाही. खेड्यातल्या पोराला इंग्रजी नकोशी वाटते, हे आपण धरूनच चाललोय. शिक्षक म्हणतात, पालक म्हणतात, निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं म्हणतात. पोराला कुणी विचारलंय का?

इंग्रजीचा मास्तर असल्यामुळे मला ते विचारावंच लागायचं. ‘मला इंग्रजी नको’ असं म्हणणारं लेकरू फार क्वचित भेटलं. ‘इंग्रजीचा तास नको’ म्हणणारी मात्र वर्गागणिक भेटली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझं आजचं सगळं बोलणं या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे.

आधी पोरांकडे बघू.

संध्याकाळी कुठल्याही गावाच्या मोकळ्या रानात जा. पोरं क्रिकेट खेळत असतात. एलबीडब्ल्यू होता की नव्हता, बॉल लेगला पिच झाला की नाही, यावर तिथं जो वाद चालतो तो कोर्टात शोभेल असा असतो. शब्द सगळे इंग्रजी, वाक्यं सगळी मराठी, आणि कुणाला कशाचीही लाज नाही. घरी आलं की मोबाइलवर गेम. त्यातल्या सूचना इंग्रजीत असतात. त्या पोराला कुणी भाषांतर करून दिल्या? ट्रॅक्टर बिघडला तर क्लच, हायड्रॉलिक, पीटीओ हे शब्द नववीतलं पोरगं बापाला समजावून सांगतं. फवारणीचं औषध आणलं की बाटली त्याच्याच हातात दिली जाते, ‘बघ रे काय लिवलंय.’ आतल्या घडीच्या कागदावर मराठीही असतं म्हणा, पण ते अक्षर वाचायला वकिलाचा चष्मा लागतो. तर हे पोरगं लेबल वाचतं, मात्रा सांगतं, लाल त्रिकोण म्हणजे जहाल विष हेही सांगतं. तेच पोरगं दुसऱ्या दिवशी वर्गात उभं केलं की तोंडातून शब्द काढत नाही.

आणखी एक उदाहरण देतो, आपल्या शेजारचंच. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांना विचारलं गेलं की कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? आपण असतो तर काय उत्तर दिलं असतं? पोरांनी सांगितलं, जपानी. का? तर त्यांना रोबोट आणि तंत्रज्ञानाची गोडी होती आणि ते जपानात आहे असं त्यांनी ऐकलं होतं. संभाजीनगरातल्या एका जाणकारानं ऑनलाइन, विनामूल्य शिकवणी सुरू केली. २०२० साली, कोरोनाच्या काळात, देशभरातल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली. लिपी वेगळी, उच्चार वेगळे, घरात कुणाला एक शब्द येत नाही, आणि तरी पोरं बोलत होती. का बोलत होती? मला वाटतं, कारण जपानीत त्यांना कुणी नापास करणार नव्हतं. आणि जपानीत चुकलं म्हणून हसायला गावात कुणाला जपानीच येत नव्हती.

तेव्हा पहिला मुद्दा इतकाच, की खेड्यातलं पोर परक्या भाषेला भीत नाही. भीती आहे ती दुसऱ्या कशाची तरी. ती कुठून आली, हे बघायला थोडं मागं जावं लागेल. आणि मागं जायला भोकरदनइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

आपलं गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर. आणि इथं केळना नदीच्या काठी, १९७० च्या दशकातल्या उत्खननात, तिच्या वळणाचीच एक हस्तिदंती मूर्ती निघाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यवहार दूरदूरच्या मुलखांशी होता. व्यवहार आला की परकी माणसं आली, आणि माणसं आली की त्यांच्याशी बोलणं आलं. बोलण्यासाठी कुणी पस्तीस गुणांची अट घातलेली नव्हती.

आता जवळच्या काळात येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. खालचे वर्ग मराठीत झाले तरी वर गेलं की उर्दू. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, ते उर्दू माध्यमाचं. एका देशी भाषेतून विज्ञान, वैद्यक, कायदा शिकवायचा हा धाडसाचा प्रयोग होता, हे मान्यच करावं लागेल. औरंगाबादेत राहून मौलवी अब्दुल हक यांनी उर्दूसाठी जे काम केलं, अगदी मोठ्या इंग्रजी-उर्दू कोशापर्यंत, त्याला तोड नाही. भाषेवर प्रेम करणाऱ्या कुणाही माणसानं त्यांच्यापुढं हात जोडावेत. पण आमच्या आजोबांच्या बाजूनं बघा. ज्याला उर्दू येत नव्हती तो कचेरीच्या पायरीवर कागद हातात धरून उभा राहायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, ‘साहेब, एवढं वाचून दाखवता का?’ आजही तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी जमिनीचे जुने कागद निघतील, खासरा, मुंतखब, आणि ते वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागेल.

म्हणजे मराठवाड्याच्या माणसानं भाषा कशी पाहिली? टेबलाच्या पलीकडे बसलेल्याची भाषा म्हणून पाहिली. टेबल गेलं नाही. पलीकडची भाषा तेवढी बदलली. १९४८ नंतर हळूहळू उर्दू उठली. १९६४ च्या अधिनियमानं मराठी राजभाषा झाली. पण नोकरीच्या, डॉक्टरकीच्या, वरच्या कोर्टाच्या टेबलापलीकडे इंग्रजी बसली ती बसलीच. आजोबा उर्दूपुढं जसे उभे राहिले, तसाच नातू इंग्रजीपुढं उभा आहे. लेकरू गप्प बसतं ते आज बसायला लागलेलं नाही.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर माझं बोलणं लंगडं होईल. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा. त्यात शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगणाऱ्या कविता आहेत. त्यांना इंग्रजीत साहेब दिसला नाही, सुटका दिसली. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढं ते मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. तिथं मराठवाड्यातल्या वाड्या-वस्त्यांवरची पोरं गेली, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन गेली, आणि इंग्रजी पुस्तकं वाचून बाहेर पडली. त्यांचंही इंग्रजी सुरुवातीला मोडकंच होतं. पण कुणी तरी त्यांना सांगितलं होतं की ही भाषा तुझी आहे, घे. एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, एका घरात ‘आपल्याला ते जमायचं नाही’ असं ऐकत पोर वाढलं आणि दुसऱ्या घरात ‘शीक, तुला जमलंच पाहिजे’ असं ऐकत. वाक्य कुणाकडून कानावर पडलं, यावर फार काही ठरतं. पोराच्या डोक्यावर कमी ठरतं.

आता दुसरा मुद्दा, त्यासाठी मानसशास्त्राची थोडी मदत घेतो. कॅनडात गार्डनर आणि लँबर्ट या दोन अभ्यासकांनी इंग्रजी बोलणारी मुलं फ्रेंच कशी शिकतात हे पाहिलं. त्यांनी ढोबळमानानं दोन प्रेरणा सांगितल्या. एक, त्या भाषेच्या माणसांत मिसळावं, त्यांच्यातलं व्हावं अशी ओढ. दुसरी, नोकरी, परीक्षा, फायदा. माँट्रिआलच्या मुलाला फ्रेंच बोलणारी माणसं शेजारी राहताना दिसत होती. आपल्या पोरानं कुणात मिसळायचं? भोकरदनला इंग्रजी बोलणारं माणूस आहे कोण? बँकेचा साहेब? तोही मराठीत नाही तर हिंदीत बोलतो. तेव्हा ती पहिली ओढ इथं गैरलागू. उरला हिशोब. आणि हिशोबात आपली पोरं कच्ची आहेत असं कोण म्हणतो?

पहाटे पाच वाजता जालना रोडला या. अंधारात पोरं धावताना दिसतील, पोरीही दिसतील. पोलीस भरती. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय गोळाफेक. मग लेखी परीक्षा शंभर गुणांची : अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. यात इंग्रजी कुठाय? नाही. मग त्या पोरानं इंग्रजीत वेळ का घालवावा? तुम्ही त्याला अनास्था म्हणता, मी त्याला शहाणपण म्हणतो. तेच पोरगं वर्षभरानं तलाठी भरतीकडे वळलं की चित्र पालटतं. तिथं प्रश्नपत्रिकेचा चौथा हिस्सा इंग्रजीचा. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज आले दहा लाखांवर. त्या दहा लाखांत आपल्या तालुक्याचेही होतेच. दहावीला ज्याला आर्टिकल म्हणजे काय ते सांगता येत नव्हतं, तो अभ्यासिकेत बसून ‘अ’, ‘अॅन’, ‘द’चे नियम घोकतो आणि बरोबर सोडवतो. डोकं तेच, पुस्तक तेच, माणूस तोच. बदललं काय? त्याला कारण सापडलं.

आता तिसरा आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा मुद्दा. वर्गात काय होतं?

मी वर्णन करतो, खोटं असेल तर इथं बसलेल्या शिक्षकांनी हात वर करावा. सर पाठातलं एक वाक्य वाचतात. त्याचा मराठी अर्थ सांगतात. पोरं पेन्सिलीनं ओळीच्या वर तो अर्थ लिहितात. हुशार पोरं ओळीच्या खाली उच्चारही देवनागरीत लिहितात. मग पुढचं वाक्य. पाठ संपला की प्रश्नोत्तरं फळ्यावर, फळ्यावरून वहीत, वहीतून डोक्यात, डोक्यातून पेपरात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, त्याला आता शंभराहून अधिक वर्षं झाली. पद्धत मात्र हलायला तयार नाही. तर्खडकरांच्या बाजूनं एक सांगतो, त्यांच्या पाठमालेत निदान विद्यार्थ्याला स्वतः वाक्य करावं लागायचं. अपेक्षित प्रश्नसंचात तेही लागत नाही. ‘माय फेव्हरिट टीचर’ हा निबंध अख्ख्या वर्गाचा एकच असतो, शिक्षकाच्या नावासकट.

या सगळ्यात लेकरू बोललं कधी? पस्तीस मिनिटांच्या तासात एकदाही नाही.

त्याचा परिणाम मोजलेला आहे. ‘असर’ हे सर्वेक्षण तुम्हाला माहीत असेल, घरोघरी जाऊन खेड्यातल्या मुलांना वाचायला लावतात. इंग्रजीतली साधी वाक्यं वाचू शकणारी पाचवीची मुलं २०१६ साली देशाच्या ग्रामीण भागात २४.७ टक्के होती. २०२२ साली २४.५ टक्के. सहा वर्षं, किती योजना, किती प्रशिक्षणं, आणि काटा जागचा हलला नाही. २०२३ मध्ये त्यांनी चौदा ते अठरा वयाच्या मुलांना तपासलं. इंग्रजी वाक्य वाचता येणारी निघाली ५७.३ टक्के, आणि त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांना त्या वाक्याचा अर्थ सांगता आला. उरलेल्या चतुर्थांशाचा विचार करा. वाचता येतंय, अर्थ माहीत नाही. ही मुलं ढ आहेत का? अजिबात नाही. आपण जे शिकवलं ते ती तंतोतंत शिकली. आपण वाचायला शिकवलं आणि अर्थ आपणच सांगत राहिलो.

आता गुणांची एक कथा. दहावीच्या भाषेच्या पेपरात ऐंशी गुण लेखी आणि वीस गुण शाळेच्या हातात, म्हणजे तोंडी वगैरे. २०१९ साली हे वीस गुण बंद केले आणि पूर्ण शंभराचा लेखी पेपर घेतला. निकाल काय लागला? २०१८ ला राज्याचा निकाल होता ८९.४१ टक्के, २०१९ ला तो आला ७७.१० टक्क्यांवर. महाराष्ट्रभर हलकल्लोळ झाला. पोरांवर अन्याय, पुन्हा गुण द्या, असं सगळे म्हणाले. गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्या साली कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता, तेही ध्यानात घ्या. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, हेही खरं. मला त्या गुणांबद्दल तक्रार नाही, गरिबाचं पोर पुढं जात असेल तर जाऊ द्या. मला एकच विचारायचंय. इतक्या मोठ्या चर्चेत कुणी असं विचारलं का, की तोंडी परीक्षेचे गुण देताना मुलाला तोंड उघडायला लावलं होतं का? कुणीच नाही. कारण उत्तर प्रत्येकाला ठाऊक होतं. जी एकुलती एक जागा बोलण्यासाठी राखून ठेवली होती, तिथंही आपण पोराला बोलू दिलं नाही, गुण देऊन गप्प केलं.

आणि जो बोलायला जातो त्याचं काय होतं? ‘शी गो टू स्कूल’ म्हणाला की वर्ग हसतो. वर्ग हसतो कारण सर हसलेले असतात. तांड्यावरचं लेकरू असेल तर त्याच्या घरी गोरमाटी, शाळेत मराठी, मग हिंदी, आणि इंग्रजी त्याची चौथी भाषा. उर्दू शाळेतल्या मुलीचंही तसंच. चौथ्या भाषेत एका क्रियापदाचा प्रत्यय राहिला म्हणून आपण त्याला हसतो. आपल्यापैकी किती जणांना चार भाषा येतात? मुलींचं तर मी अनेक वर्षं बघत आलोय. वही मुलांपेक्षा नेटकी, पाठांतर चोख, पण तोंडी प्रश्नाला मान खाली. मुलगा चुकला तर वर्ग एक दिवस हसतो. मुलगी चुकली तर तिला त्या चुकीचं टोपणनाव वर्षभर चिकटतं. तिनं गप्प बसणं हे तिचं संरक्षण आहे.

शिक्षकांवर सगळं ढकलून मी मोकळा होणार नाही. जून २००० मध्ये राज्य सरकारनं सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे होते. विरोध पुष्कळ झाला. तिकडे बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारनं ऐंशीच्या दशकात प्राथमिक शाळेतून इंग्रजी काढली होती, आणि नंतर पालकांच्या रेट्यानं परत आणली, हा अनुभव ताजा होता. मोरे सरांचा हेतू मला आजही योग्य वाटतो. शहरातल्या पोराला पहिलीला मिळतं ते खेड्यातल्या पोराला पाचवीपर्यंत का नाकारायचं? पण ते शिकवायचं कुणी? ज्या गुरुजींनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली, डी.एड. मराठीतून केलं, आणि शाळेत इंग्रजी हा विषय कधी हाताळला नाही, त्यांनी. एका उन्हाळ्यात त्यांना सांगितलं, जूनपासून इंग्रजी शिकवा. तो माणूस घाबरला असेल तर त्यात नवल काय? आणि घाबरलेला माणूस वर्गात काय करतो? पुस्तकाला घट्ट धरतो, आणि पोरानं पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारू नये म्हणून त्याला गप्प बसवतो. गुरुजींची भीती पोरात उतरली ती अशी.

ही भीती गुरुजींना सुटते हेही मी पाहिलंय. २०१६ पासून काही जिल्ह्यांत ‘तेजस’ नावाचा प्रकल्प चालला. राज्य सरकार, ब्रिटिश काउन्सिल आणि टाटा ट्रस्ट. त्यात मोठं काही नव्हतं. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांनी ठरावीक दिवशी जमायचं, एकमेकांशी इंग्रजीत बोलायचं, आपल्या वर्गात काय केलं ते सांगायचं, एवढंच. वर कुणी तपासनीस नाही, गुण नाहीत. पन्नाशीतल्या बाई आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत इंग्रजी वाक्य बोलतात आणि कुणी हसत नाही, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय येतं ते एकदा बघायला हवं. त्या बाई वर्गात जाऊन चुकणाऱ्या लेकराला हसतील का?

पालकांविषयी फार बोलत नाही, त्यांच्या नावानं बोलणारे पुष्कळ आहेत. सोयाबीन विकून पोराला इंग्लिश मीडियमला घालणारा बाप मूर्ख नाही. त्याला दिसतंय की दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं हुशार पोर अकरावी सायन्सला गेलं की भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र सगळं एका रात्रीत इंग्रजीत होतं, आणि दिवाळीपर्यंत ते पोर ‘आर्ट्सला जातो’ म्हणायला लागतं. ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतून देता येते, पण तिची पुस्तकं, शिकवण्या, सराव पेपर इंग्रजीतच. म्हणून बाप ‘सेमी’च्या मागं लागतो. त्याचा हिशोब बरोबर आहे, फक्त तो भाषेचा हिशोब नाही, चाळणीचा आहे. इंग्रजी ही आपल्याकडे चाळणी झाली आहे. ज्या गोष्टीनं आपण निवडले किंवा टाकले जातो, तिच्यावर प्रेम कसं बसावं?

जाता जाता एक गंमत. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असावी की नाही यावरून राज्य ढवळून निघालं. एप्रिलमध्ये शासन निर्णय, जूनमध्ये सुधारित निर्णय, मग मोर्चाची तयारी, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागं. सहा वर्षांच्या लेकरावर किती भाषांचं ओझं टाकायचं, हा प्रश्न चांगलाच होता आणि मी त्या प्रश्नाच्या बाजूनं होतो. पण त्या सगळ्या गदारोळात, पहिलीतल्या इंग्रजीचं पंचवीस वर्षांत काय झालं, हे कुठल्याही पक्षाच्या एकाही माणसानं विचारलेलं मी ऐकलं नाही.

असो. मंचावरून चिठ्ठी आलीय, वेळ होत आलाय.

संयोजकांना ‘उपाय’ हवेत. माझ्याकडे सरकारला सांगण्यासारखं काही नाही, या सभागृहातल्या हायस्कूलच्या शिक्षकांना सांगण्यासारखं एक आहे. ते वीस गुण. ते तुमच्या हातात आहेत, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. यंदा ती तोंडी परीक्षा खरी घ्या. वर्गात साठ मुलं धरा, प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे तीनशे मिनिटं, जेमतेम नऊ तासिका. अख्ख्या वर्षात नऊ तासिका निघणार नाहीत? एकेकाला वर्गाबाहेर, झाडाखाली बोलवा, म्हणजे हसायला कुणी नसेल. पुस्तकातलं काही विचारू नका. त्याला जे माहीत आहे आणि तुम्हाला माहीत नाही, ते विचारा. पिंपळगाव रेणुकाईकडचं पोरगं असेल तर विचारा, आज मार्केटला मिरची काय भावानं गेली? ते म्हणेल, ‘सर, टुडे थर्टी. यस्टरडे फॉर्टी. फादर अँग्री.’ तुम्ही विचारा, ‘व्हाय अँग्री?’ ते सांगेल, मजुरी सांगेल, गाडीचं भाडं सांगेल, मधेच मराठी शब्द घालेल, हात हलवेल, पण सांगेल. त्याला पूर्ण गुण द्या. फादरच्या पुढं ‘इज’ राहिला, तो पुढच्या आठवड्यात बघू.